काकूंचा परवचा

काकू हायलायटरला हळद म्हणत. "नोट्सना नुसती हळद लावून ठेवलीस, लग्न कधी लावणार?" हे त्यांचं मला उद्देशून पहिलं वाक्य. मी न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला त्यांच्या घरी खोली घेऊन राहायला आलो, त्याच आठवड्यातलं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, नोट्स, कॉफी आणि रंगीबेरंगी पेनं मांडून मी बसलो होतो. परदेशात शिकणारा मुलगा जसा दिसावा असं मला वाटे, तसा मी हुबेहूब दिसत होतो. काकूंनी त्यातलं एक पान उचललं, पालथं घातलं आणि म्हणाल्या, "आता सांग." मला एक ओळ सांगता आली नाही.

काकूंच्या घरी मी राहिलो त्यातले बहुतेक दिवस कसल्या ना कसल्या लाजेत गेले. त्यातली ही पहिली.

काकू मूळच्या पुण्याच्या. तिथे बारावी कॉमर्सचे क्लास घेत, आणि त्यांच्या बोलण्यावरून निम्मं पुणं त्यांच्या हाताखालून गेलं असावं. काकांना दूध पावडरीची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी मिळाली, म्हणून त्या इकडे आल्या. इथे त्यांच्याकडे शिकायला कोणी येईना. मुलगा होता, पण तो वेलिंग्टनला निघून गेला होता. मग त्यांनी घरातल्या दोन खोल्या मराठी विद्यार्थ्यांना द्यायला सुरुवात केली. भाडं हे निमित्त होतं. त्यांना घरात अभ्यास करणारी पोरं हवी होती. दुसऱ्या खोलीत प्राजक्ता राहत होती. ती कोल्हापूरची, माझ्याच वर्गात. आम्ही दोघं कारखान्यांचं व्यवस्थापन शिकवणारा एक पदव्युत्तर डिप्लोमा करत होतो.

घरात काकू साडी नेसत, साडीवर पफर जॅकेट घालत आणि पायांत मोज्यांवर जॅंडल्स, म्हणजे आपल्या साध्या रबरी चपला. चपलेचा पट्टा मोज्यासकट बोटांत कोंबून त्या फटक फटक करत फिरत. हीट पंप परीक्षा संपेपर्यंत बंद. "ऊब आली की झोप येते आणि झोप आली की पेपर राहतो." खिडक्यांच्या काचा आतून घामेजलेल्या असत आणि बिचारे काका, ज्यांची कसलीही परीक्षा नव्हती, पांघरूण घेऊन क्रिकेट बघत.

मोटिव्हेशन या शब्दाची त्यांना चीड होती. माझ्या मोबाइलवर तसले व्हिडिओ बरेच असत. पहाटे उठणारी माणसं, थंड पाण्याने आंघोळ करणारी माणसं. काकूंनी त्यातला एक शेवटपर्यंत पाहिला. "हा माणूस उठला, न्हाला, पळून आला. अभ्यासाला कधी बसला?" मग म्हणाल्या, "भूक लागली की जेवतोस ना? का आधी जेवणाचा व्हिडिओ बघतोस?" खरं तर मी जेवतानाही व्हिडिओ बघत असे.

त्यांची स्वतःची पद्धत एकच होती, ती म्हणजे परवचा. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून पाढे आणि श्लोक म्हणायचे, तो आपला लहानपणचा परवचा. काकूंनी त्याला पदव्युत्तर करून टाकलं होतं. त्या शेगडीपाशी पोळ्या लाटत आणि आम्ही दोघं फ्रिजला पाठ टेकून उभे राहून खड्या आवाजात उत्तरं म्हणत असू. अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून. ज्याचं आधी बिनचूक होईल, त्याला पहिली पोळी. उत्तरं काकूंनीच तयार केलेली असत. आमची पाठ्यपुस्तकं आणि स्लाइड्स वाचून त्या आपल्या इंग्रजीत ती लिहीत, स्वल्पविरामांसकट पाठ करून घेत. "डोळ्यांनी वाचलेलं डोळ्यांतच राहतं," त्या म्हणत. "आधी तोंडाला सवय लागू दे. तोंड पुढे गेलं की डोकं येतं मागून."

मुलगा याच परवच्याला कंटाळून दुरावला होता, असं काका एकदा दबक्या आवाजात बोलले. काकूंना त्यात दबून बोलण्यासारखं काही वाटत नसे. त्या ते तक्रार म्हणून सांगत. "दहा वर्षांचा असताना मला म्हणतो, 'मम, आय गेट इट, व्हाय डू आय हॅव टू से इट?' घ्या! कळलंय तर म्हणायला काय जातं?"

शेजारी एक म्हातारे गोरे गृहस्थ एकटे राहत. संध्याकाळी आमचा आवाज सुरू झाला की ते आपलं गवत कापायचं यंत्र बंद करत. एकदा कुंपणापाशी येऊन त्यांनी आदराने विचारलं, "फार सुंदर प्रार्थना आहे तुमची. कोणत्या देवाची?" आम्ही मालाचा साठा किती ठेवावा याचं सूत्र म्हणत होतो. काकू म्हणाल्या, "एक्झामिनर." गृहस्थांनी मान लववली. मला जमिनीत जावंसं वाटलं.

पण त्याहून वाईट म्हणजे काकूंबरोबर सुपरमार्केटला जाणं. त्या ट्रॉली ढकलत पुढे जात आणि कांद्याबटाट्यांपाशी पोचल्या की तिथून हाक मारत, "गुणवत्तेचे खर्च सांग!" मी पिठापाशी उभा. नाही सांगितलं तर त्या आवाज चढवत, म्हणून मी सांगत असे. एकदा काउंटरवर नेमकी आमच्या वर्गातली मुलगी कामाला होती. सामान स्कॅन करता करता तिने विचारलं, "ही तुझी मम का?" मी म्हणालो, "नो नो, लँडलेडी." काकूंनी ते ऐकलं आणि त्यांना त्यात काही गैर वाटलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तिला विचारायचंस की ती कसा अभ्यास करते ते."

इतकं सगळं मी सहन करत होतो, त्याला कारण होतं. पहिल्या सत्राच्या मधल्या चाचणीत मी नापास झालो होतो. गावात इंजिनिअर म्हणून मान होता, निरोप समारंभात माझा सत्कार झाला होता, आणि इथे मला शंभरातले तीसही मिळाले नव्हते. घरी फोनवर "बरा गेला" एवढंच सांगितलं. हे फक्त काकूंनी माझ्या तोंडावरून ओळखलं. कोणाला न सांगता त्यांनी मला परवच्याला उभं केलं, आणि पुढच्या चाचणीत मी पास झालो. त्यामुळे त्या म्हणतील ते खरं, असं माझं झालं होतं.

इथे विषयालाच पेपर म्हणतात. ज्या पेपरामुळे सगळं घडलं, तो उत्पादनाच्या नियोजनाचा. त्यात एक प्रश्न हमखास येतो. कामाच्या साखळीत जी पायरी सगळ्यांत हळू, तिच्यावर पूर्ण साखळीचा वेग कसा ठरतो, ते उदाहरणासह लिहा. काकूंचं म्हणणं, पुस्तकातलं मोटारींचं उदाहरण सगळेच लिहितात. उदाहरण आपलं असलं की तपासणारा खूश होतो. म्हणून त्यांनी चकल्यांचं उदाहरण घातलं. एक बाई पीठ मळते, दुसरी सोऱ्याने चकल्या पाडते, तिसरी तळते; तळायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. आणि मग शेवटचं वाक्य: म्हणून, चकल्या पाडणारीने आपला वेग वाढवल्यास त्याच वेळात अधिक चकल्या तयार होतील.

आम्ही ते खूप दिवस म्हटलं. अगदी गाणं होऊन गेलं त्याचं.

परीक्षेच्या दिवशी काकू स्वतः आम्हाला गाडीने सोडायला आल्या आणि पेपर सुटेपर्यंत पार्किंगमध्ये बसून राहिल्या. प्रश्न आला होता. मी बाहेर येऊन अंगठा वर केला, प्राजक्ताने पण केला, आणि काकूंनी हॉर्न वाजवला. इथे लोक उगाच हॉर्न वाजवत नाहीत. सगळं पार्किंग वळून आमच्याकडे बघायला लागलं.

थोड्या दिवसांनी ईमेल आली. तुम्हा दोघांच्या उत्तरपत्रिकांतलं एक उत्तर शब्दशः सारखं आहे, त्याबद्दल बोलायला या. हवं असल्यास सोबत आधाराला कोणी आणता येईल. ईमेल सभ्य होती, पण अर्थ स्पष्ट होता. चोरी ठरली तर डिप्लोमा जाणार, डिप्लोमा गेला तर व्हिसा जाणार. प्राजक्ता रडायला लागली. मी रडलो नाही. मी घरी काय सांगायचं याची वाक्यं जुळवत बसलो.

"सपोर्ट पर्सन म्हणजे मीच की," काकू म्हणाल्या.

"काकू, नको. स्टुडंट युनियनची माणसं असतात, ती येतात."

"त्यांनी तुमचं म्हणून घेतलंय का कधी?"

आल्या. ठेवणीतली साडी, वर पफर जॅकेट. सुदैवाने बूट घातले होते. आमचे लेक्चरर उंच, हळू बोलणारे गृहस्थ. "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून त्यांनी सगळ्यांना बसवलं, पाणी दिलं आणि दोन्ही उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या. ते बोलायला सुरुवात करणार, एवढ्यात काकू उभ्या राहिल्या.

"सर, दे हॅव नॉट कॉपीड. दे हॅव लर्न्ट. प्लीज ओपन दॅट पेज." आणि माझ्याकडे वळून मराठीत, "म्हण."

"काकू, इथे?"

"म्हण म्हणते ना."

मी उभा राहिलो. हात आपोआप मागे गेले. फ्रिज नव्हता, म्हणून भिंतीला टेकलो, आणि म्हणायला लागलो. लेक्चरर माझ्या उत्तरपत्रिकेवर बोट फिरवत होते. त्यांचं बोट माझ्या आवाजाबरोबर ओळीमागून ओळ उतरत गेलं आणि शेवटच्या पूर्णविरामावर थांबलं. मग प्राजक्ताने म्हटलं. तेच शब्द, तोच सूर, श्वास घ्यायच्या जागासुद्धा त्याच.

"माझा विश्वास बसला," लेक्चरर म्हणाले. "चोरी नाही. मी असं कधी पाहिलं नव्हतं."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बोर्डात आलो होतो. आणि एक क्षण मला खरंच सुटल्यासारखं वाटलं.

मग लेक्चररनी सहज विचारलं, "हे चकली म्हणजे काय असतं?"

काकूंची कळी खुलली. त्यांनी सोऱ्या कसा असतो, कसा फिरवतात, भाजणी काय असते, सगळं हातवारे करून सांगितलं. दिवाळीत गॅरेजमध्ये शेगडी लावून आम्ही सगळ्यांनी मिळून केल्या होत्या, हेही सांगितलं. लेक्चरर मन लावून ऐकत होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही काय करत होता त्यात?"

"मी पाडत होतो," मी म्हणालो.

"आणि तुम्ही भरभर पाडल्या तर काय व्हायचं?"

काय व्हायचं ते माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. मी जोशात येऊन सोऱ्या फिरवत होतो, कागदावर चकल्यांचा ढीग, खालच्या चिकटून त्यांचा लगदा झालेला, आणि काकू झारा उगारून ओरडतायत, "अरे दमानं! कढई एकच आहे ना!"

"त्या... पडून राहायच्या," मी म्हणालो. "तळायला वेळ लागतो. कढई एकच."

"म्हणजे जास्त चकल्या व्हायच्या का?"

"नाही."

त्यांनी माझी उत्तरपत्रिका माझ्याकडे फिरवली आणि शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. तिथे माझ्या अक्षरात, सुवाच्य, अगदी उलटं लिहिलेलं होतं. दोन्ही पत्रिकांत एकच चूक, म्हणून तर त्यांचं लक्ष गेलं होतं. ते हसले नाहीत, रागावले नाहीत. खरोखरच समजून घ्यायचंय अशा आवाजात त्यांनी विचारलं, "मग तुम्ही हे का लिहिलंत?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. माझे कान तापले. चोर ठरलो असतो तर निदान काही तरी केल्याची लाज असती. ही नुसतीच लाज होती. मी चोर नव्हतो हे सिद्ध करताना मी काय होतो, तेही सिद्ध झालं होतं. प्राजक्ता खाली बघत होती. मी तोंड उघडणार, तोच काकूंनी पत्रिका पुढ्यात ओढली. पर्समधून चष्मा काढला, ते वाक्य वाचलं, ओठ हलवत पुन्हा वाचलं. स्वतःचंच वाक्य होतं ते. सर्रकन त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"सर, धिस इज माय मिस्टेक," त्या म्हणाल्या. "आय रोट धिस. चिल्ड्रन आर इनोसंट."

लेक्चररनी मान हलवली आणि पुढे मला काही विचारलं नाही.

आमच्यावरचा आरोप गेला. त्या प्रश्नाला दोघांनाही शून्य मिळालं. प्राजक्ता काठावर निभावली. मी नाही निभावलो. मला तो पेपर पुढच्या सत्रात पुन्हा घ्यावा लागला. घरी मी सांगितलं की एक जादा विषय घेतलाय.

त्या दिवशी परत येताना काकूंच्या गाडीचा इंडिकेटर सबंध रस्ताभर चालू राहिला. एकाही गाडीला कळेना ही बाई वळणार आहे की नाही. घरापाशी गाडी थांबवून त्या उतरल्याच नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाल्या, "पुण्यातली सगळी पोरं माझंच पाठ करून गेली रे. त्यांनी काय काय म्हटलं असेल, कोणाला ठाऊक." प्राजक्ता म्हणाली, "काकू, ती सगळी पास झाली की." काकू म्हणाल्या, "तेच तर."

परवचा बंद झाला. पोळ्या होत, पण मुकाट्याने. दोन-तीन संध्याकाळी गेल्यावर शेजारचे गृहस्थ कुंपणापाशी आले आणि घरात कोणी आजारी आहे का, प्रार्थना ऐकू येत नाही, असं विचारू लागले. आमच्यापैकी कोणीही "सगळं ठीक आहे" म्हणून वेळ मारून नेली असती. काकू मात्र चपला फटकारत कुंपणापर्यंत गेल्या आणि त्यांना सगळं सांगितलं. ती प्रार्थना नव्हती, अभ्यास होता, त्यात चूक होती, चूक माझी होती, आणि या मुलाचं सत्र वाया गेलं. हे म्हणताना त्यांनी खिडकीतून दिसणाऱ्या माझ्याकडे बोट दाखवलं. गृहस्थांनी माझ्याकडे बघून हात हलवला. मी पडदा ओढला.

तिथून काकूंनी ती गोष्ट जो भेटेल त्याला सांगायला सुरुवात केली. गणपतीच्या हॉलमध्ये प्रसादाच्या रांगेत, डॉक्टरकडे, कोणाच्या डोहाळजेवणात. काहीही न लपवता, स्वतःला जराही न वाचवता. ऐकणारे आधी हसत, मग गप्प होत. मी तिथे असलो तर माझ्याकडे बघत. मला ते असह्य व्हायचं. मी लायब्ररीत बसून, दिसेल त्या पायरीला "हे असं का?" विचारत, एकट्याने तो पेपर कसाबसा काढला, ऑकलंडला ईस्ट टामाकीत पॅकिंगच्या कारखान्यात नोकरी धरली आणि त्याच शहरात न्यू लिनला राहायला गेलो. काकूंचे फोन येत. मी घेत असे, पण भेटायला जाणं टाळत असे. तिकडे सगळ्यांना माझं माहीत आहे, असं वाटायचं.

मागच्या वर्षी माझं लग्न झालं. बायको मुंबईची, आयटीतली, इथेच ओळख झाली. तिला माझा डिप्लोमा माहीत होता, काकूंची मोज्यांवरची चपलही माहीत होती. बाकीचं सांगायची वेळच आली नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. "इतकं त्यांचं नाव घेतोस, मग नेत का नाहीस मला?" असं तिने फारच लावून धरल्यावर एका रविवारी आम्ही हॅमिल्टनला गेलो.

काकू वाळल्या होत्या. आवाज तोच होता. त्यांनी बायकोची ओटी भरली, तिला जवळ घेतलं, माझ्या पाठीत धपाटा घातला. आतून एक मुलगी लॅपटॉप घेऊन बाहेर आली. नवी भाडेकरू, नागपूरची. काकू तिला म्हणाल्या, "हा तोच गं. पकडलेला."

मुलीचे डोळे मोठे झाले. बायको हसली; तिला गंमत वाटली. "पकडलेला? कशात?"

"याने सांगितलं नाही तुला?" काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "बस, मी सांगते." आणि सांगायला लागल्या. ईमेल, साडी, लेक्चरर, चकली. मी ऐकत होतो आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की हे मी गणपतीच्या हॉलमध्ये ऐकलंय. शब्द न् शब्द तोच. थांबायच्या जागा त्याच, चष्मा काढायचा हावभाव तोच. नागपूरची मुलगी ओठांतल्या ओठांत त्यांच्याबरोबर म्हणत होती. "...तेव्हा मी सरांना म्हटलं, चूक माझी आहे. यांची बिचाऱ्यांची काही चूक नाही. मी जे दिलं ते यांनी म्हटलं." इथे गोष्ट संपते. इथे ऐकणारे गप्प होतात.

बायको गप्प झाली नाही. ती माझ्याकडे वळली. चेष्टा नव्हती तिच्या आवाजात. तिला खरंच कळलं नव्हतं. "पण चकल्या तर तूच पाडल्या होत्यास ना? मग तसं का लिहिलंस?"

काकूंनी माझ्या वतीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण याचं उत्तर त्यांच्याकडे तयार नव्हतं.

"मला येत होतं," मी म्हणालो. चेहरा पेटल्यासारखा झाला होता, पण म्हणालो. "काकूंनी चुकीचं दिलं, ते खरं. पण मला येत होतं. मी एकदाही ते वाक्य ऐकलंच नाही. रोज म्हणत होतो आणि ऐकत नव्हतो."

काकू खुर्ची ओढून माझ्या समोर बसल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे कसं? मला नीट सांग."